चार्ट बघून उद्याची चाल सांगता येते का?

सह्यवारा
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:१२

मित्रहो,

मी चाकणला क्वालिटी विभागात काम करतो. कंट्रोल चार्ट हे माझं रोजचं काम. मशीनवरून येणारी मापं मर्यादेकडे सरकायला लागली की माल बिघडायच्या आधीच आम्हाला कळतं. त्यामुळे शेअर बाजाराचे चार्ट शिकायला घेतले तेव्हा ते परके वाटले नाहीत. कँडल, मूव्हिंग ॲव्हरेज, आरएसआय, एमएसीडी, बोलिंजर बँड ही चार्ट वाचायची साधनं, एवढं आता समजतं. सध्या सौदे वहीत लिहून बघतोय, खरे पैसे अजून घातलेले नाहीत.

प्रश्न असा: येत्या एक ते पाच दिवसांत निफ्टी किंवा एखादा मोठा शेअर वर जाईल की खाली, हे निव्वळ चार्टवरून नाणेफेकीपेक्षा बरं सांगता येतं का? शिस्त हवी, मन शांत हवं, हे सगळं मान्य. पण ते बाजूला ठेवून मला एवढंच जाणून घ्यायचं आहे. ज्यांनी स्वतः नोंदी ठेवल्यात किंवा ज्यांना यातलं संशोधन माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. मंगळवारच्या निफ्टी एक्स्पायरीला (मुदत संपते तो दिवस) ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क, घे म्हणून ऑफिसातल्या मित्रांचा आग्रह चालू आहे, तेव्हा निर्णय लवकर घ्यायचाय.

माहीमची_खाडी
रात्री १०:३१

वाचतेय. माझ्या भाच्याचाही हाच प्रश्न आहे.

रानमेवा
रात्री ११:०५

मी बरीच वर्षं कॅशमध्ये स्विंग ट्रेडिंग करतो. डिलिव्हरी घेतो, दोन-तीन आठवडे ठेवतो, सोडतो. इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) नाही, ऑप्शन नाही.

चार्टकडून भविष्य विचारूच नका. चार्ट मला तीन गोष्टी सांगतो: कुठे घ्यायचं, कुठे चुकलो असं समजायचं आणि किती घ्यायचं. शेअर ५०० ला घेतला, सपोर्ट, म्हणजे घसरण थांबते ती पातळी, ४८० ला आहे, तर ४७८ ला स्टॉपलॉस, म्हणजे तिथे तोटा घेऊन बाहेर. एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त घालवायचं नाही, म्हणजे नग किती घ्यायचे ते आपोआप ठरलं. दहातले सहा सौदे चुकले तरी चालतं, कारण टार्गेट स्टॉपलॉसच्या दुप्पट अंतरावर असतं. चार वेळा दोन-दोन मिळाले, सहा वेळा एक-एक गेला, तरी दोन उरले. यात उद्याची चाल ओळखण्याचा संबंधच येत नाही.

अंकगणित
रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळी ७:४८

रानमेवा, एका सौद्यात एक टक्का हा नियम सोन्यासारखा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'ओळखण्याचा संबंधच येत नाही' हे मात्र बरोबर नाही. हिशेब करू.

समजा भाव पूर्णपणे कसाही हलतो, त्याला दिशा नाही. स्टॉपलॉस एक पाऊल खाली आणि टार्गेट दोन पावलं वर. तर टार्गेट आधी लागण्याची शक्यता बरोबर एक तृतीयांश येते. तिनातून एकदा दोन मिळाले, दोनदा एक-एक गेला. हातात शून्य. टार्गेट तिप्पट लांब ठेवा, शक्यता चौथ्या हिश्श्यावर येते, पुन्हा शून्य. म्हणजे 'रिस्क-रिवॉर्ड' चांगलं ठेवल्याने काहीही निर्माण होत नाही. तुमचे ३३ ऐवजी ४० टक्के सौदे बरोबर येत असतील तर त्या सात टक्क्यांत तुमची दिशेची जाण आहे. तुम्ही भाकीत करत नाही असं म्हणता, पण पैसे त्या भाकितावरच मिळतायत.

आणि ३३ व ४० यांतला फरक नशिबाचा नाही हे ठामपणे म्हणायला साधारण २०० सौद्यांची नोंद लागते. वीस-पंचवीस सौद्यांवरून कुणी 'माझी पद्धत चालते' म्हणालं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

सह्यवारा, तुमच्या कंट्रोल चार्टबद्दल. तिथे मशीन तुमचा चार्ट वाचत नाही. घासलेलं टूल घासलेलंच राहतं, तुम्ही बघा वा न बघा. बाजारात मात्र ज्याचं माप घेता तीच माणसं तोच चार्ट बघून खरेदी-विक्री करत असतात. २५,००० ला सगळ्यांना सपोर्ट दिसला की काही लोक २५,०३० लाच घेतात, काही जण २५,००० खाली लागलेल्या स्टॉपलॉसवर डोळा ठेवतात. नमुना ओळखला गेला की तो वापरला जातो, आणि वापरला गेला की झिजतो.

सह्यवारा
सकाळी ८:२०

हे टार्गेट आणि स्टॉपलॉसचं गणित मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मग चार्टमधून काहीच कळत नाही का? आमच्याकडे निदान 'आज प्रक्रिया जास्त हलतेय' एवढं तरी कळतं.

अंकगणित
सकाळी ९:०२

तेच तर कळतं! दिशा नाही, पण किती हलणार याचा अंदाज बाजारात खरोखर येतो. मोठ्या हालचालींच्या दिवसांमागे मोठ्या हालचालींचे दिवस येतात, शांत दिवसांमागे शांत. बेन्वा मँडेलब्रॉटने १९६३ मध्येच कापसाच्या भावांवरून हे दाखवलं होतं. आपल्याकडे इंडिया व्हिक्स, म्हणजे बाजार किती हलेल याचा ऑप्शनच्या भावांवरून काढलेला निर्देशांक, २००८ पासून आहे. तो वर्षाचा आकडा असतो. दिवसाचा काढायला १६ ने भागा, कारण वर्षात अडीचशेच्या आसपास ट्रेडिंगचे दिवस असतात आणि त्याचं वर्गमूळ जवळपास १६. व्हिक्स १३ असेल तर रोजची अपेक्षित हालचाल ०.८ टक्का. निफ्टी २५,००० धरला तर साधारण २०० अंक, वर किंवा खाली. तिनातले दोन दिवस या पट्ट्यात जातात.

म्हणून कुणी 'उद्या निफ्टी दीडशे अंक हलेल' म्हणालं तर मी ऐकतो. 'दीडशे वर जाईल' म्हणालं की त्याची वही मागतो.

कोकणकडा_७
सकाळी ९:४०

बाबांच्या ब्लडप्रेशरच्या आकड्यांवर मी ट्रेंडलाइन ओढून डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, "ब्रेकआउट नको, गोळी चालू ठेवा!" 😄

रानमेवा
सकाळी १०:१५

कोकणकडा 😄

अंकगणित, तुमचं गणित मान्य. माझ्याकडे २०० हून खूप जास्त सौद्यांची नोंद आहे आणि त्यात खर्च वजा करून फायदा उरतो. पण ती चढत्या बाजारातली वर्षं जास्त आहेत हेही खरं. २०२० मार्चनंतर जे घेतलं ते वरच जात होतं. तुम्ही हे नक्की काढणार म्हणून आधीच लिहितो.

दुसरं. बाजार नेहमीच कसाही हलतो असं मी मानत नाही. मोठे फंड एका दिवसात खरेदी करू शकत नाहीत, त्यांना आठवडे लागतात. ती खरेदी व्हॉल्यूममध्ये दिसते, डिलिव्हरीच्या टक्केवारीत दिसते. तो कल असतो आणि तो काही काळ टिकतो.

एडिसनकर
सकाळी १०:५०

इथे न्यू जर्सीत अजून मध्यरात्र आहे, पण विषय झोपू देईना. अर्थशास्त्रात पीएचडी करताना यावर बरंच वाचलं होतं, थोडक्यात लिहितो.

१९९२ साली ब्रॉक, लाकोनिशॉक आणि लेबॅरन यांनी डाऊ जोन्सचा १८९७ ते १९८६ असा नव्वद वर्षांचा डेटा घेऊन मूव्हिंग ॲव्हरेज आणि सपोर्ट-रेझिस्टन्स (रेझिस्टन्स म्हणजे चढता भाव अडतो ती पातळी) तुटण्याचे साधे नियम तपासले. नियम चालतात असं निघालं. तांत्रिक विश्लेषकांना आनंद झाला. मग १९९९ मध्ये सलिव्हन, टिमरमन आणि व्हाइट यांनी विचारलं की इतके सगळे नियम तपासले तर त्यातला एखादा योगायोगानेच चांगला निघणार, त्याचं काय? हजारो नियम एकत्र घेऊन, तो योगायोग हिशेबात धरून त्यांनी पुन्हा मोजलं. जुन्या काळात सर्वोत्तम नियम त्या कसोटीतही टिकला, पण १९८६ नंतरच्या दहा वर्षांत तो चालला नाही.

रानमेवा म्हणतात तो कल मात्र संशोधनात भक्कम आहे. जगदीश आणि टिटमन यांनी १९९३ मध्ये दाखवलं की गेल्या तीन ते बारा महिन्यांत जे शेअर पुढे होते ते पुढच्या तितक्याच काळात सरासरीने पुढे राहतात. आपल्या एनएसईने याच कल्पनेवर निफ्टी २०० मोमेंटम ३० हा निर्देशांक काढलाय. तोही सहा आणि बारा महिन्यांचा परतावाच बघतो.

पण धाग्याचा प्रश्न एक ते पाच दिवसांचा आहे, आणि तिथे चित्र उलटं आहे. एका आठवड्यात खूप चढलेले शेअर पुढच्या आठवड्यात किंचित मागे येतात असं १९९० मध्ये लेमन यांनी दाखवलं, आणि महिन्याच्या हालचालींत तेच जगदीश यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. म्हणजे सहा महिन्यांचा कल पुढे ढकलतो आणि पाच दिवसांचा मागे खेचतो. तीन दिवसांच्या ब्रेकआउटवर (भाव अडणारी पातळी तोडून वर गेला यावर) उडी मारणारा माणूस या दोन्हींच्या मधे सापडतो. तो मागे येणारा भाग इतका लहान असतो की खर्चात जिरून जातो.

मेघना_प
दुपारी १२:३०

एडिसनकर, फार उपयोगी प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

मी बँकेत ट्रेझरीत होते, आता निवृत्त. एक दिवस लिहिते, कारण त्यात धाग्यातल्या सगळ्या गोष्टी आहेत. ३ जून २०२४, सोमवार. एक्झिट पोल शनिवारी आले होते. निफ्टी सव्वातीन टक्के वर जाऊन २३,२६३.९० ला बंद झाला, तोवरचा सर्वोच्च बंद भाव. त्या संध्याकाळचा चार्ट डोळ्यासमोर आणा: रेझिस्टन्स तुटलेला, सगळे मूव्हिंग ॲव्हरेज खाली, मोठी हिरवी कँडल. पुस्तकात छापावं असं ब्रेकआउट. ४ जूनला मतमोजणी झाली आणि निफ्टी १,३७९ अंक पडून २१,८८४.५० ला बंद झाला. मधे तर तो २१,३०० च्याही खाली जाऊन आला होता. आणि शुक्रवारी, ७ जूनला? २३,२९०.१५. सोमवारच्याही वर.

म्हणजे ब्रेकआउट चार दिवसांत 'बरोबर' ठरलं, पण ज्याने सोमवारी संध्याकाळी त्यावर पैसे लावले त्याचा स्टॉपलॉस मंगळवारी उडाला. दिशा ओळखणं आणि पैसे मिळवणं यांत एवढं अंतर असतं.

ऑप्शनवाल्यांचं आणखी वेगळं. निकालाआधी प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचे भाव, फुगलेले होते. ५ जूनला निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त वर आला, पण व्हिक्स कोसळल्यामुळे लांबच्या स्ट्राइकचे (ठरलेल्या भावाचे) कॉल, म्हणजे खरेदीच्या हक्काचे ऑप्शन, त्या मानाने चढलेच नाहीत. दिशा बरोबर, वेळ बरोबर, तरी हातात थोडंच. ऑप्शन घेणाऱ्याला तीन गोष्टी एकदम बरोबर याव्या लागतात: दिशा, किती हलणार आणि कधी. मंगळवारच्या एक्स्पायरीत 'कधी' म्हणजे काही तास उरलेले असतात.

रानमेवा
दुपारी १:०५

मेघनाताई, ४ जूनला स्टॉपलॉसमुळे लोक वाचले असंही आहे ना? तो खाली २१,२८१ पर्यंत गेला. तिथून वर येईल याची कुणाला खात्री होती? २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात जवळपास १३ टक्के पडला तेव्हा स्टॉपलॉस नसलेले कर्जात गेले.

मेघना_प
दुपारी १:२२

अगदी बरोबर. स्टॉपलॉस काढा असं मी कुणालाही सांगणार नाही. मी एवढंच म्हणते की त्याची किंमत असते, आणि ती किंमत मोजल्याशिवाय पद्धत चालते की नाही ते कळत नाही.

जुना_दलाल
सायंकाळी ५:१५

मी दलाल स्ट्रीटवर रिंगमधे ओरडून सौदे केलेला माणूस आहे. १९९५ साली बोल्ट ही संगणकावरच्या सौद्यांची यंत्रणा आली आणि रिंग शांत झाली. त्याआधी आमच्या ऑफिसात एक गुजराती काका रोज संध्याकाळी बंद भाव घेऊन आलेखाच्या कागदावर हाताने चार्ट काढायचे. टिस्को, सेंच्युरी, ग्वाल्हेर रेयॉन. मुंबईत तसे चार्ट काढणारे फार थोडे होते. त्यांना त्यातून खरोखर दिसायचं, कारण बातमी बाहेर यायला दिवस लागायचे आणि भाव आधी हलायचा. आतल्या गोटातला माणूस खरेदी करायचा, ती चार्टवर उमटायची आणि पेपरात आठवड्याने यायचं. तेव्हा बदला होता, सौदा पुढच्या सेटलमेंटला ओढता यायचा, वाट बघता यायची. २००१ च्या जुलैत बदला गेला.

आज तोच चार्ट प्रत्येकाच्या मोबाइलवर एकाच क्षणी दिसतो. जपानमधे अठराव्या शतकात तांदळाच्या बाजारात होम्मा नावाचा व्यापारी कँडल वापरायचा असं सांगतात. त्याच्याजवळ होतं ते इतरांजवळ नव्हतं, म्हणून ते चाललं. सर्वांजवळ असलेली माहिती भावात आधीच येऊन बसते. अंकगणित यांनी लिहिलेलं झिजणं मी डोळ्यांनी पाहिलंय.

आरएसआय, एमएसीडी, स्टोकॅस्टिक तिन्ही जुळले म्हणून खात्री तिप्पट झाली असं कृपया मानू नका. तिन्ही त्याच जुन्या भावांतून काढलेले आकडे आहेत. १९७८ साली वाइल्डरने आरएसआय आणला तेव्हा तो कमोडिटीवाल्यांसाठी होता. तेजीत तो ७० च्या वर आठवडेच्या आठवडे राहतो आणि 'ओव्हरबॉट' (फार चढलाय, आता पडेल) म्हणून शॉर्ट करणारे, म्हणजे आधी विकून नंतर घेणारे, कापले जातात.

पैलतीर
सायंकाळी ५:४०

आणि गॅन या जुन्या अमेरिकी ट्रेडरचं तंत्र? आमच्या गावात एक जण ग्रहांच्या अंशांवरून निफ्टीच्या वळणाच्या तारखा काढतात. दिवाळीच्या आठवड्यातली तारीख अचूक आली.

जुना_दलाल
सायंकाळी ५:५८

पैलतीर, त्यांनी वर्षभरात किती तारखा दिल्या आणि त्यांतल्या किती आल्या ते विचारा. 'वळण' म्हणजे किती अंक, तारखेच्या आधी-नंतर किती दिवस चालतील, हे आधी कागदावर लिहून घ्या. एवढं केलं की चर्चा आपोआप मिटते. मुहूर्ताचे सौदे मी आजही लक्ष्मीपूजनाला भक्तीने करतो, पण ती पूजा आहे. त्यावरून वर्षाचा अंदाज मी करत नाही.

गोंयकार
रात्री ८:१०

मडगावात सीए आहे. गेली काही वर्षं जुलै आला की तरुण मुलं ब्रोकरचं स्टेटमेंट घेऊन येतात. बहुतेकांना आपला तोटा किती झालाय हे माझ्या टेबलावरच कळतं, कारण ॲपवर ते एकेक सौदा बघत असतात. म्हणून सेबी या बाजार नियामकाचे आकडे इथे राहू देत.

सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे करार, आणि ऑप्शन) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर, माणशी सरासरी दोन लाखांच्या घरात. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त कमावणारे फक्त एक टक्का. २०२४-२५ चा आकडाही जुलै २०२५ मध्ये आला: ९१ टक्के तोट्यात, निव्वळ तोटा एक लाख कोटींच्या पुढे. कॅशमधल्या इंट्राडेत दहातले सात जण तोट्यात, तो २०२२-२३ चा अभ्यास आहे.

दुसऱ्या बाजूला कोण होतं तेही सप्टेंबर २०२४ च्याच अहवालात आहे. २०२३-२४ मध्ये प्रोप्रायटरी ट्रेडर (स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या कंपन्या) आणि परदेशी फंड यांनी मिळून खर्चाआधी ६०,००० कोटींच्या आसपास कमावले, आणि त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त नफा अल्गोरिदमने चालणाऱ्या सौद्यांतून आला. सह्यवारा, तुम्ही मोबाइलवर पाच मिनिटांची कँडल बघत असाल तेव्हा समोर हे असतात.

माहीमची_खाडी
रात्री ८:२५

९३ टक्के... भाच्याला हा प्रतिसाद पाठवते.

शून्यप्रहर
रात्री ८:५०

पण त्या ९३ टक्क्यांत टिप्सवर खेळणारे, काही न शिकता उतरलेले सगळे आले. नीट शिकलेल्या माणसाला तो आकडा लावणं बरोबर नाही.

एडिसनकर
रात्री ९:१५

शून्यप्रहर, शंका रास्त आहे. म्हणून ब्राझीलचा अभ्यास बघा. शाग, डे-लोसो आणि जोव्हानेट्टी यांनी २०१३ ते २०१५ मध्ये निर्देशांकाच्या फ्युचर्समध्ये डे ट्रेडिंग सुरू करणाऱ्या सगळ्यांचा मागोवा घेतला. त्यातले जे ३०० हून जास्त दिवस टिकले, म्हणजे हौशे-गवशे गळाल्यावर उरलेले, त्यांतले ९७ टक्के तोट्यात होते. आणि सरावाने कामगिरी सुधारत गेल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. तैवानमध्ये बार्बर, ओडीन आणि सहकाऱ्यांना वर्षानुवर्षं खर्चानंतर नफ्यात राहणारे एक टक्क्याहूनही कमी सापडले. थोडे आहेत, पण आहेत, हेही त्याच अभ्यासातून कळतं.

अंकगणित
रात्री ९:४५

खर्चाचा मुद्दा सर्वांनी सांगितला, आकडा कुणी दिला नाही. मी देतो, नोव्हेंबर २०२५ चा लॉट आणि दर धरून.

निफ्टीचा ऑप्शन, लॉट (एका वेळी घ्यायचे नग) ७५, प्रीमियम १२० रुपये. घेतला ९,००० ला. पाच अंकांनी वर १२५ ला विकला, ९,३७५ आले. फायदा ३७५. आता ब्रोकरेज दोन ऑर्डरचे ४०, विक्रीवर ०.१ टक्का एसटीटी (सौद्यावरचा कर) म्हणजे ९, एक्स्चेंजचा चार्ज साडेसहाच्या आसपास, ब्रोकरेज आणि चार्ज यांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ८, वर थोडी स्टँप ड्युटी. झाले ६४ रुपये. ३७५ चे ३११ राहिले. पाच अंकांनी तोटा झाला तर ३७५ ऐवजी ४३९ गेले. म्हणजे ना नफा ना तोटा व्हायला शंभरातले ५८-५९ सौदे बरोबर यावे लागतात. घेणाऱ्याचा भाव आणि विकणाऱ्याचा भाव यांतला फरक मी धरलेलाच नाही. तो पन्नास पैसे धरला तर आकडा ६३-६४ वर जातो.

तुमचा मूळ प्रश्न 'नाणेफेकीपेक्षा बरं' असा होता. ५२ टक्के हे नाणेफेकीपेक्षा बरंच आहे, आणि ५२ टक्क्यांवर या खेळात पैसे जातात.

शून्यप्रहर
रात्री १०:०२

हिशेब तपासला, बरोबर आहे. जास्त लॉट घेतले तर ब्रोकरेजचा वाटा कमी होतो, एवढीच भर.

अंकगणित
रात्री १०:०८

हो, दहा लॉटला ब्रोकरेज जवळपास नगण्य होतं. फक्त मग भांडवलही दहापट लागतं.

मेघना_प
सोमवार, १० नोव्हेंबर, सकाळी ७:३०

एक राहिलं. चार्टवर दिसणारी चाल 'खरी' असते हे आपण गृहीत धरतो. सेबीचा ३ जुलै २०२५ चा जेन स्ट्रीट या अमेरिकी ट्रेडिंग कंपनीवरचा अंतरिम आदेश जमलं तर मुळातून वाचा. त्यात १७ जानेवारी २०२४ चा दिवस मिनिटामिनिटाने मांडलाय. आरोप असा आहे की सकाळी बँक निफ्टीतले शेअर आणि फ्युचर्स हजारो कोटींना घेऊन निर्देशांक वर धरला, त्याच वेळी ऑप्शनमध्ये त्याहून कितीतरी मोठी मंदीची पोझिशन बांधली आणि दुपारी शेअर विकून टाकले. सेबीने ४,८४३ कोटींहून जास्त रक्कम रोखली. कंपनीने आरोप नाकारलेत, प्रकरण अपिलात गेलंय, त्यामुळे निकाल आपण देऊ नये. पण त्या सकाळी पंधरा मिनिटांच्या चार्टवर ज्यांना 'रिकव्हरी' दिसली त्यांनी काय वाचलं असेल याचा विचार करून मला वाईट वाटलं. साप्ताहिक एक्स्पायरीच्या दिवशी निर्देशांकाच्या छोट्या चार्टवर मी म्हणूनच विसंबत नाही.

गोंयकार
सकाळी ८:०५

आणि टेलिग्रामवाल्यांचं. १,०२४ लोकांना मेसेज करा, निम्म्यांना 'उद्या तेजी', निम्म्यांना 'उद्या मंदी'. ज्यांना बरोबर आलं त्यांनाच दुसऱ्या दिवशी पुन्हा निम्मे-निम्मे. पाचव्या दिवशी ३२ जण असे उरतात ज्यांनी तुम्हाला पाचपैकी पाच वेळा बरोबर येताना पाहिलंय. ते ३२ जण फी भरतात. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने स्पष्ट केलं की बाजाराचं शिक्षण देणाऱ्याने तीन महिन्यांपेक्षा ताजे भाव वापरायचे नाहीत. 'लाइव्ह मार्केटमध्ये शिकवतो' म्हणणारा क्लास दिसला की एवढं आठवा.

सह्यवारा
रात्री १०:४०

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवसांत जे समजलं ते कोर्समध्ये समजलं नव्हतं.

मंगळवारचे ऑप्शन घेणार नाही, मित्रांना तसं सांगितलं. अंकगणित यांचा खर्चाचा हिशेब ग्रुपवर टाकला, दोघांनी स्वतःची स्टेटमेंट काढून बघितली. त्यातल्या एकाने मला रात्री फोन केला, बराच वेळ बोलला. ते इथे लिहीत नाही.

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मी असं घेतलं: पाच दिवसांच्या आत दिशा फार थोडी कळते आणि ती थोडकी जाण खर्चात जाते, किती हलेल ते बरंच कळतं, आणि सहा-बारा महिन्यांचा कल हा अभ्यासण्यासारखा भाग आहे. रानमेवा, तुमची पद्धत मला डेटावर तपासायची आहे, तुमची परवानगी असेल तर. यासाठी जुने भाव कुठे मिळतात? आणि कर कसा लागतो तेही गोंयकारांनी सांगावं.

रानमेवा
रात्री ११:०२

जरूर तपासा. नियम व्यनिने पाठवतो. २०१० ते २०१३ हा सपाट काळ मुद्दाम घ्या, आणि पद्धत तिथे हरली तर इथे उघड लिहा, मला राग येणार नाही.

गोंयकार
मंगळवार, ११ नोव्हेंबर, सकाळी ७:५५

डिलिव्हरी घेऊन विकलं तर कॅपिटल गेन. इंट्राडे हा सट्ट्याचा व्यवसाय समजतात, त्याचा तोटा चार वर्षं पुढे नेता येतो आणि सट्ट्याच्या नफ्यातूनच वळता होतो. एफ अँड ओ हा साधा व्यवसाय, तोटा आठ वर्षं पुढे जातो, पण पगारातून वजा होत नाही. या दोन्हींना आयटीआर-३ लागतो. तोटा झाला तरी रिटर्न मुदतीत भरा, नाहीतर पुढे नेता येत नाही. हे न कळल्यामुळे दरवर्षी माझ्याकडे येणाऱ्या काही मुलांचा तोटा पुढे नेण्याचा हक्क जातो.

अंकगणित
सकाळी ८:३०

एनएसईच्या संकेतस्थळावर रोजची भावकॉपी (दिवसाच्या भावांची फाइल) मोफत मिळते, जुन्याही मिळतात. दोन गोष्टी सांभाळा. बोनस आणि स्प्लिटसाठी (शेअरची संख्या वाढते आणि भाव त्या प्रमाणात उतरतो) भाव आधी जुळवून घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये एचडीएफसी बँकेचा एकास एक बोनस झाला, त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सचा. भाव न जुळवता चालवलंत तर प्रोग्रामला तिथे एका दिवसात पन्नास टक्के पडझड दिसेल आणि तो खोटे स्टॉपलॉस उडवेल. दुसरं, आजच्या निफ्टीतले ५० शेअर घेऊन २०१० पासून तपासू नका, ती टिकून राहिलेल्यांची यादी आहे. त्या वर्षी यादीत कोण होते ते शोधा, त्यात युनिटेक, सुझलॉन आणि रिलायन्स कम्युनिकेशन्सही येतील. ते धरून रानमेवांची पद्धत काय म्हणते ते बघू. फाइल झाली की दुवा द्या, मीही स्वतंत्रपणे चालवून बघतो.